हौसा विशेषणांचं लिंग: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी कामाला लावा

हौसा शिकायची म्हटली की हाताशी येणारं व्याकरण जवळजवळ नेहमी इंग्रजीतून लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असा वाचक असतो, ज्याच्या भाषेत खुर्ची ना पुरुष ना बाई. त्यामुळे विशेषणाचं लिंग हा धडा तिथे मोठं संकट असल्यासारखा येतो. पानंच्या पानं समजावणं, मग तक्ते, मग तक्त्यांचे अपवाद. मराठी माणसाला यातलं निम्मं समजावून सांगायची गरजच नसते. ‘पांढरा घोडा, पांढरी गाडी’ आपण विचार न करता बोलतो. पण इंग्रजीतून शिकताना हीच सवय आपण दाराबाहेर ठेवतो आणि ‘व्हाइट’ला एक हौसा शब्द शोधायला लागतो. तो एक शब्द मिळत नाही, कारण तो नसतोच.

म्हणून या लेखात तुलना हौसा आणि इंग्रजीचीच आहे, पण उभं राहायचं आहे मराठीत. जिथे मराठी उपयोगी पडते तिथे ती वापरू, जिथे दगा देते तिथे सावध करू.

आधी थोडी ओळख. हौसा ही उत्तर नायजेरिया आणि दक्षिण नायजरची मोठी भाषा. कानो, कात्सिना, सोकोतो, ज़ारिया ही तिची जुनी शहरं. पश्चिम आफ्रिकेत इतरत्रही बाजारात आणि मोटारतळांवर ती चालते. ती आफ्रो-आशियाई कुळातली आहे, म्हणजे अरबी, हिब्रू आणि अम्हारिक तिच्या दूरच्या नातेवाईक. शेजारची योरुबा मात्र या कुळातली नाही आणि तिच्यात व्याकरणातलं लिंगही नाही.

लिपीबद्दल एक सूचना. हौसा आज मुख्यतः रोमन लिपीत लिहितात, तिला बोको म्हणतात. अरबी लिपीतल्या लेखनाला अजमी म्हणतात. बोकोमध्ये ऱ्हस्व-दीर्घ स्वर वेगळे दाखवत नाहीत, सूरही दाखवत नाहीत. इथे मी सगळं देवनागरीत लिहिलं आहे. मराठी वाचक शब्दातला ‘अ’ गिळून टाकतो, म्हणून तो गिळला जाईल अशा जागी मी ‘आ’ लिहिला आहे. क़ म्हणजे घशाशी झटका देऊन उच्चारलेला क आणि ज़ म्हणजे ‘जहाज’मधल्या शेवटच्या ज सारखा. ‘चे’चा उच्चार ‘चेहरा’मधल्यासारखा करायचा.

पायरी १: इंग्रजीत काय होतं ते एकदा पाहून घ्या

आजच्या इंग्रजीत विशेषणाचं एकच रूप असतं. व्हाइट हाउस, व्हाइट कार, व्हाइट कार्स. घर काय, गाडी काय, दहा गाड्या काय, ‘व्हाइट’ जागचा हलत नाही. लिंग दिसतं ते फक्त ही, शी, इट या सर्वनामांत आणि ॲक्टर-ॲक्ट्रेससारख्या काही नामांत.

अपवाद म्हणून ‘ब्लाँड’ हा शब्द पुढे केला जातो. बाईबद्दल लिहिताना त्याच्या शेवटी एक जादा ई लावतात. हा फ्रेंचमधून आलेला लेखनातला शिष्टाचार आहे, बोलताना दोन्ही रूपं सारखीच ऐकू येतात. ‘हँडसम’ पुरुषाला आणि ‘ब्यूटिफुल’ बाईला, हेही उदाहरण देतात. तोही व्याकरणाचा नियम नाही. इंग्रजीत एखाद्या बाईला हँडसम म्हटलं तर अर्थाची छटा बदलते, वाक्य चुकत नाही. हौसात मात्र गाडीला पुल्लिंगी विशेषण लावलं की वाक्यच चुकतं, ‘पांढरा गाडी’ जसं चुकतं तसं.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी अशी नव्हती. तिच्यात मराठीसारखी तीन लिंगं होती. ‘तो चांगला राजा’ हे ‘से गोदा क्युनिंग’, तर ‘ती चांगली राणी’ हे ‘सेओ गोदे क्वेन’. बायकोसाठीचा शब्द, ज्यातून आजचा ‘वाइफ’ आला, तो तर नपुंसकलिंगी होता. आपल्याकडे ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे याचं आपल्याला फारसं नवल वाटायला नको. पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर झिजत गेले, उत्तरेकडे आधी आणि दक्षिणेकडे नंतर, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विशेषणांवरची लिंगाची खूण पुसली गेली. हौसाची शेवटची अक्षरं अशी झिजली नाहीत. उलट स्त्रीलिंगाची खूण तिथे आणखी ठळक झाली.

पायरी २: नामाचं लिंग ओळखा, पण मराठीवरून नाही

हौसात लिंगं दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. नपुंसकलिंग नाही. आणि अनेकवचनात लिंगभेद अजिबात नाही. मराठीत ‘पांढरे घोडे, पांढऱ्या गाड्या, पांढरी घरं’ असे तीन प्रकार सांभाळावे लागतात. हौसात अनेकवचनाला एकच रूप पुरतं, इथे आपल्याला सूट मिळते.

माणसं आणि ओळखीचे प्राणी यांचं लिंग अर्थावरून ठरतं. यारो म्हणजे मुलगा, यारिन्या म्हणजे मुलगी. मालामी शिक्षक, मालामा शिक्षिका. बाहाउशे म्हणजे हौसा पुरुष, बाहाउशिया हौसा बाई आणि हाउसावा म्हणजे हौसा लोक.

वस्तूंच्या बाबतीत शब्दाचा शेवट बघायचा. शब्द ‘आ’ने संपला तर बहुतेक वेळा स्त्रीलिंगी, दुसऱ्या कशाने संपला तर बहुतेक वेळा पुल्लिंगी.

स्त्रीलिंगी: मोता म्हणजे गाडी, रीगा म्हणजे झगा, हुला म्हणजे टोपी, हान्या म्हणजे रस्ता, कासुवा म्हणजे बाजार, कुजेरा म्हणजे खुर्ची, राना म्हणजे सूर्य आणि दिवससुद्धा.

पुल्लिंगी: लित्ताफी म्हणजे पुस्तक, दोकी म्हणजे घोडा, तेबुर म्हणजे टेबल, केके म्हणजे सायकल, गारी म्हणजे गाव किंवा शहर.

मराठी इथे गोंधळ घालते. गाडी आणि टोपी आपल्याकडेही स्त्रीलिंगी, म्हणून विश्वास वाटायला लागतो. मग रस्ता, बाजार आणि सूर्य येतात. मराठीत तिन्ही पुल्लिंगी, हौसात तिन्ही स्त्रीलिंगी. सायकल उलटी, आपल्याकडे ती, त्यांच्याकडे तो. तेव्हा मराठीकडून जुळवून घ्यायची सवय उसनी घ्या, लिंग उसनं घेऊ नका.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही हाच शेवटाचा न्याय लागतो. इंग्रजीत त्यांना लिंग नव्हतं, हौसात आल्यावर मिळालं. ‘मोटर’चं मोता झालं, शेवटी आ आला, म्हणून स्त्रीलिंगी. ‘वायर’वरून आलेला वाया आज फोनसाठी वापरतात, तोही स्त्रीलिंगी. ‘टेबल’चं तेबुर झालं ते पुल्लिंगी. आपण बसला ‘ती’, ट्रकला ‘तो’ आणि टेबलाला ‘ते’ म्हणतो, ते का, हे सांगायला घाम फुटतो. हौसा माणसाला कारण सांगता येतं.

आता अपवाद. ‘आ’ने संपणारे पण पुल्लिंगी असे काही शब्द इतके रोजचे आहेत की त्यांना टाळता येत नाही: गिदा म्हणजे घर, रुवा म्हणजे पाणी, नामा म्हणजे मांस, सुना म्हणजे नाव, काया म्हणजे सामान, वाता म्हणजे चंद्र आणि महिना, ज़ाकारा म्हणजे कोंबडा. हे पाठच करा, दुसरा इलाज नाही. ही यादी लांबलचक नाही, हेच सुख.

उलट दिशेचे अपवाद कमी आहेत, पण महत्त्वाचे आहेत. माचे म्हणजे बाई, ‘ए’ने संपूनही स्त्रीलिंगी, हे उघडच. ग्वामनाती म्हणजे सरकार, ‘ई’ने संपतो तरी स्त्रीलिंगी, आणि बातम्यांत हा शब्द सारखा भेटतो. शहरांची नावंही स्त्रीलिंगी धरतात. कानो ‘ओ’ने संपतं, तरी त्या शहराचं बिरुद आहे ‘कानो ता दाबो’, म्हणजे दाबोची कानो. दाबो म्हणजे १८१९ ते १८४६ या काळात कानोच्या गादीवर असलेले अमीर इब्राहिम दाबो. त्या बिरुदातला ‘ता’ हा स्त्रीलिंगाचा आहे.

पायरी ३: विशेषणाची तीन रूपं एकत्र पाठ करा

हौसाचं विशेषण एकटं पाठ करू नका, तिघांची माळ म्हणूनच तोंडात बसवा: पुल्लिंग, स्त्रीलिंग, अनेकवचन. इंग्रजी पुस्तकं पुल्लिंगी रूप मूळ धरून बाकीची त्यावरून ‘काढायला’ लावतात. ते मला पटत नाही, कारण अनेकवचनाची रूपं नियमाने काढता येण्याइतकी सरळ नाहीत.

पांढरा: फरी, फरा, फरारे
काळा: बक़ी, बक़ा, बक़ाक़े
लाल: जा, जा, जाजाये
लांब किंवा उंच: दोगो, दोगुवा, दोगाये
आखूड, बुटका: गाजेरे, गाजेरिया, गाजेरू
नवा: साबो, साबुवा, साबाब्बी
जुना, म्हातारा: त्सोहो, त्सोहुवा, त्सोफाफ्फी
मोठा: बब्बा, बब्बा, मान्या
लहान: क़रामी, क़रामा, क़नाना
कच्चा, ओला: डन्ये, डन्या, डन्यू

मधला रकाना उभा वाचा. प्रत्येक शब्द ‘आ’ने संपतो. अपवाद नाही. नामांच्या बाबतीत हा नियम कधीकधी मोडतो, विशेषणात तो मोडत नाही. पुढच्या पायरीला हे फार उपयोगी पडणार आहे.

लाल आणि मोठा यांची पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूपं सारखी दिसतात. मराठीतही लाल, सुंदर, स्वच्छ ही विशेषणं हलत नाहीत, तेव्हा हे काही नवीन नाही असं वाटेल. थांबा, हे सारखेपण फसवं आहे.

क्रियापदांवरूनही विशेषणं होतात. मराठीत ‘भाजलेला, भाजलेली, भाजलेले’ करतो तशी. गासा म्हणजे भाजणे, त्यावरून गासाश्शे, गासाश्शिया, गासास्सू. दाफा म्हणजे शिजवणे, त्यावरून दाफाफ्फे, दाफाफ्फिया, दाफाफ्फू. शेवटचं व्यंजन दुप्पट होतं आणि पुढे ए, इया, ऊ ही शेपटी लागते. एक क्रियापद जमलं की कानाला साचा कळतो.

पायरी ४: विशेषण कुठे ठेवायचं, आणि मधला न की र

इंग्रजीत विशेषण नामाआधी येतं, मराठीतही. हौसात ते आधीही येतं, नंतरही. नामानंतर आलं तर काहीच जोडावं लागत नाही:

गिदा फरी, पांढरं घर
मोता फरा, पांढरी गाडी
मोतोची फरारे, पांढऱ्या गाड्या

नामाआधी आलं तर विशेषणाला एक जोडणारं अक्षर चिकटतं. पुल्लिंगाला न, स्त्रीलिंगाला र, अनेकवचनाला पुन्हा न:

फरिन गिदा
फरार मोता
फरारेन मोतोची

नामाआधीची ही रचना फार वापरातली आहे, तेव्हा न आणि र सांभाळणं हेच या प्रकरणातलं खरं काम. आता लाल आणि मोठ्याकडे परत या. जा आणि बब्बा एरवी दोन्ही लिंगांत सारखे, पण नामाआधी आले की त्यांचं गुपित फुटतं. तांब्याला म्हणतात जान क़ार्फे, शब्दशः लाल धातू, कारण क़ार्फे पुल्लिंगी. लाल टोपी मात्र जार हुला. कानोच्या राजकारणात क्वांक्वासिया चळवळीच्या लोकांची ओळख असलेली लाल टोपी ती हीच. मराठीतल्या ‘लाल’ला असं कधी पकडता येत नाही.

‘मोठा’चं उदाहरण तर गमतीचं आहे. हौसा पुरुषांचा तो ऐसपैस, गळ्याशी भरतकाम केलेला झगा तुम्ही फोटोत पाहिला असेल. हौसात तो आहे बब्बर रीगा, मोठा झगा. रीगा स्त्रीलिंगी, म्हणून र. इंग्रजी लेखांत, दुकानांच्या पाट्यांवर आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर मात्र तो सर्रास ‘बब्बन रीगा’ असा छापलेला दिसतो. इंग्रजीच्या कानाला न आणि र सारखेच, कारण विशेषणाने नामाकडे बघायचं असतं हेच त्या कानाला माहीत नाही. हौसा कानाला ते ‘मोठा टोपी’ म्हटल्यासारखं खटकतं. अनेक झगे असतील तर मान्यन रीगुना.

हा र आला कुठून? तो मुळात त होता. हौसात अक्षराच्या शेवटी आलेला त बदलून र झाला, पण जिथे त्याच्यानंतर स्वर आला तिथे तो त म्हणूनच टिकला. ‘माझी गाडी’ हे मोताता आणि ‘माझं घर’ हे गिदाना. ‘ती गेली’ हे ता ताफी आणि ‘तो गेला’ हे या ताफी. अरबीतही स्त्रीलिंगाची खूण त आहे, हा त्या कुळाचा फार जुना वारसा. मराठीतल्या ‘ती’शी याचा काहीही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला योगायोगही चालतो.

विशेषणांना र लावताना शंका घ्यायचं कारण नाही, कारण स्त्रीलिंगी विशेषण नेहमी ‘आ’ने संपतं. नामांना मात्र अट आहे: र फक्त ‘आ’ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामालाच लागतो. कानोच्या जुन्या कुर्मी बाजाराचं नाव कासुवर कुर्मी, तिथे र. ग्वामनाती ‘ई’ने संपतो, म्हणून ‘संघराज्य सरकार’ हे ग्वामनातिन तारैया, स्त्रीलिंगी असून न. पण ‘नवं सरकार’ म्हणताना विशेषण पुढे येतं आणि र परत येतो: साबुवर ग्वामनाती. मुलकी सरकार म्हणजे ग्वामनातिन फरार हुला. फरार हुला म्हणजे पांढरी टोपी, आणि हौसात त्याचा अर्थ बिगरलष्करी माणूस. त्या तीन शब्दांत एक न आणि एक र आहे, आणि दोन्ही का आले हे तुम्हाला सांगता आलं तर ही पायरी पार झाली.

काही जोड्या अशा पक्क्या झाल्या आहेत की विशेषणाचा मूळ अर्थ मागे पडला आहे. फरिन चिकी, पांढरं पोट, म्हणजे आनंद. बक़िन चिकी, काळं पोट, म्हणजे दुःख. फरिन वाता म्हणजे चांदणं. साबोन वाता म्हणजे नवा चंद्र, रमजानच्या तोंडावर सगळ्यांच्या तोंडी असतो. वाता पुल्लिंगी आहे हे पक्कं करायला यापेक्षा चांगली आठवण नाही. नाहीतर ‘एक, कोणती तरी’ या अर्थाचा स्त्रीलिंगी वाता वेगळा आहेच: वाता मोता म्हणजे कुठलीशी गाडी. त्याचं पुल्लिंग वानी.

पायरी ५: पूर्ण वाक्यात लिंग किती ठिकाणी बोलतं ते मोजा

‘आहे’च्या जागी हौसात वाक्याच्या शेवटी ने किंवा चे येतो. पुल्लिंग आणि अनेकवचनाला ने, स्त्रीलिंगाला चे. आता एकच वाक्य तीनदा करू.

साबोन गिदाना फरी ने. माझं नवं घर पांढरं आहे.
साबुवर मोताता फरा चे. माझी नवी गाडी पांढरी आहे.
साबाब्बिन मोतोचीना फरारे ने. माझ्या नव्या गाड्या पांढऱ्या आहेत.

पहिल्या वाक्यातून दुसऱ्यात जाताना नाम सोडून चार गोष्टी बदलल्या. साबोनचं साबुवर झालं, ‘ना’चा ‘ता’ झाला, फरीचं फरा आणि नेचं चे. इंग्रजीत घराच्या जागी गाडी घातली की दुसरं काहीही बदलत नाही. मराठीत ‘माझं नवं’चं ‘माझी नवी’ झालं, पांढरंचं पांढरी, फक्त ‘आहे’ तसाच राहिला. म्हणजे मराठी माणसाला नवीन सवय लावायची ती एवढीच: शेवटच्या ‘आहे’लाही लिंग आहे.

नकारात विशेषणाच्या दोन्ही बाजूंना बा येतो आणि ने किंवा चे शेवटी तसाच राहतो. मोतर बा फरा बा चे, ती गाडी पांढरी नाही. गिदान बा फरी बा ने, ते घर पांढरं नाही.

माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हाही हे सुटत नाही. ‘मी उंच आहे’ हे वाक्य मराठीत बाई आणि पुरुष सारखंच म्हणतात, कारण ‘उंच’ हलत नाही. हौसात पुरुष म्हणेल नी दोगो ने, बाई म्हणेल नी दोगुवा चे. समोरच्याशी बोलतानाही तेच. ‘कसा आहेस’ म्हणजे याया काके, ‘कशी आहेस’ म्हणजे याया किके. बाईला काके म्हटलं तर लोक समजून घेतात आणि हसतातही.

‘त्याचा-तिचा’ हे कोडं इंग्रजी पुस्तकं फार घोळवतात. आपल्याला ते एका ओळीत कळतं. गिदानसा त्याचं घर, मोतरसा त्याची गाडी, गिदानता तिचं घर, मोतरता तिची गाडी. मधला न किंवा र वस्तूचा, शेवटचा सा किंवा ता मालकाचा. मराठीतही दोघांची नोंद होते, इंग्रजीत फक्त मालकाची. क्रमवाचक संख्याही तशाच: लित्ताफी ना बियू, दुसरं पुस्तक. मोता ता बियू, दुसरी गाडी.

पायरी ६: अडलं तर ‘माइ’चा आधार घ्या

प्रत्येक गुणाला हौसात विशेषण नाही. ‘चांगला’साठी रोजच्या बोलण्यात क्याऊ हे नाम वापरतात, म्हणजे चांगुलपणा किंवा देखणेपण, आणि त्याच्या आधी माइ लावतात, म्हणजे ‘असलेला’. गिदा माइ क्याऊ, मोता माइ क्याऊ. लिंग कोणतंही असो, माइ तोच. अनेकवचनात मात्र मासू होतो: गिदाजे मासू क्याऊ. महाग म्हणजे माइ त्सादा, जड म्हणजे माइ नाउयी, सोपं म्हणजे माइ साउक़ी.

नामाचं लिंग आठवत नसेल तेव्हा ही रचना अब्रू वाचवते. पण तिच्यावर फार विसंबू नये. रंग, आकार, नवं-जुनं यांना खरी विशेषणं आहेत आणि तिथे न-र टाळता येत नाही. दोन गुण सांगायचे असतील तर एक पुढे आणि एक माइ लावून मागे ठेवला की वाक्य सुटसुटीत होतं: बब्बर मोता माइ क्याऊ, मोठी चांगली गाडी.

जोर द्यायचा असेल तर काही विशेषणांचे ठरलेले सोबती शब्द आहेत. फरी फात म्हणजे पांढराशुभ्र, बक़ी क़िरिन म्हणजे काळाकुट्ट, साबो फुल म्हणजे नवाकोरा. विशेषण बदलतं, सोबती बदलत नाही. फरी फात, फरा फात. ‘शुभ्र’, ‘कुट्ट’, ‘कोरा’ यांची आपल्याकडची चाल माहीत असलेल्याला हे आवडेल.

पायरी ७: इंग्रजीतून हौसात भाषांतर करताना

इथे लिंग नसलेल्या भाषेतून लिंग असलेल्या भाषेत जायचं असतं, म्हणजे मजकुरात नसलेली माहिती पुरवावी लागते. ‘न्यू टीचर’ वाचलं की हौसात साबोन मालामी लिहायचं की साबुवर मालामा? मराठी भाषांतरकारालाही हाच प्रश्न पडतो, तेव्हा उपायही तेच. पुढे कुठे ही किंवा शी येतो का बघा. फोटो, नाव, संदर्भ बघा. काहीच मिळालं नाही तर मजकूर देणाऱ्याला विचारा. यंत्र विचारत नाही, ते बहुधा पुल्लिंग धरून मोकळं होतं, आणि मग प्रसूतीबद्दलच्या पत्रकात बाईला पुरुषाची विशेषणं लागलेली दिसू शकतात. यंत्राचं भाषांतर तपासताना आधी फक्त न-र आणि ने-चे यांवरूनच नजर फिरवा. चुका तिथेच जास्त सापडतात.

जमेल तिथे वाक्य अनेकवचनात न्या. ‘नवे शिक्षक’ हे साबाब्बिन मालामाय, यात बाई-पुरुष दोघे मावतात. मराठीतही आपण आदरार्थी बहुवचनात हेच करतो.

उलट, हौसातून इंग्रजीत जाताना माहिती गळते. एखाद्या गोष्टीत शेवटपर्यंत नाव न घेतलेली व्यक्ती बाई आहे हे हौसा वाचकाला एका दोगुवावरून कळलेलं असतं. इंग्रजीत ‘टॉल’ लिहिलं की ते गेलं. तिथे ‘शी’ किंवा ‘वुमन’ कुठेतरी मुद्दाम पेरावा लागतो. मराठी भाषांतरात ती अडचण कमी येते, पण ‘उंच’सारखं न हलणारं विशेषण निवडलं तर येते. मग ‘उंच’ऐवजी ‘उंचेली’ घ्या.

सराव कसा करावा

कान तयार करायला बीबीसीची हौसा सेवा उत्तम आहे, ती १९५७पासून चालू आहे. बातमी ऐकताना अर्थाच्या मागे लागू नका. फक्त साबोन आला की साबुवर, बब्बन आला की बब्बर एवढंच टिपा आणि पुढचं नाम लिहून घ्या. बातम्यांत तीच नामं फिरून फिरून येतात, त्यामुळे तुमची स्वतःची लिंगांची वही आपोआप तयार होते. काके-किके ऐकायला कानोचे सिनेमे बघा, त्या उद्योगाला कॅनिवूड म्हणतात. कानोत हिंदी सिनेमाची आवड फार जुनी, त्यामुळे तिथल्या गाण्या-नाचांची चाल आपल्याला परकी वाटत नाही.

वाचायला सुरुवात केलीत की मथळ्यांवर हात साफ करा. १९३९ साली ज़ारियात हौसा वृत्तपत्र निघालं, त्याचं नाव ‘गास्किया ता फी क्वाबो’. सत्य हे पैशापेक्षा मोलाचं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सत्य नपुंसकलिंगी, इंग्रजीत त्याला लिंगच नाही, आणि तिथे मधला ‘ता’ सांगतो की गास्किया स्त्रीलिंगी आहे.

मग ही नामं घ्या आणि आधी विशेषण, मग नाम असं मोठ्याने म्हणा: नवं पुस्तक, मोठा बाजार, काळा घोडा, लांब दोरी, कच्चं मांस, भाजलेली कोंबडी, भाजलेलं मांस, नवा फोन, नवी सायकल. दोरीला इगिया म्हणतात, कोंबडीला काज़ा. बाकीचे शब्द वर आलेले आहेत.

उत्तरं अशी: साबोन लित्ताफी, बब्बर कासुवा, बक़िन दोकी, दोगुवर इगिया, डन्येन नामा, गासाश्शियर काज़ा, गासाश्शेन नामा, साबुवर वाया, साबोन केके. ‘नामा’च्या, म्हणजे मांसाच्या, विशेषणाला दोन्हीकडे र लावला असेल तर पायरी २ मधली ‘आ’ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांची यादी पुन्हा काढा.